वर जाताना लहान होणाऱ्या विटा: थीम पार्कमधल्या किल्ल्यांची पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियात अनाहाइम इथल्या डिस्नेलँडमधला ‘स्लीपिंग ब्यूटी कॅसल’ ७७ फूट उंच आहे. ७७ फूट म्हणजे जेमतेम सात मजले. दादर किंवा कोथरूडमधली एखादी साधी सोसायटीही एवढी उंच असते. तरीही १७ जुलै १९५५ ला हे पार्क उघडलं तेव्हापासून मेन स्ट्रीटच्या, म्हणजे प्रवेशद्वारापासून किल्ल्याकडे नेणाऱ्या रस्त्याच्या, अलीकडच्या टोकाला उभं राहणाऱ्याला तो किल्ला बराच दूर आणि बराच उंच वाटत आला आहे. जवळ जाऊन नीट पाहिलं की कारण कळतं. पायथ्याचे दगड मोठाले आहेत, मधले त्यांहून लहान, आणि मनोऱ्यांपर्यंत पोचेस्तोवर विटा, खिडक्या, कठडे सगळंच आक्रसत गेलेलं असतं.

या युक्तीला फोर्स्ड पर्स्पेक्टिव्ह म्हणतात. मराठीत पर्स्पेक्टिव्हला ‘यथादर्शन’ असा चांगला शब्द आहे, तेव्हा हे झालं मुद्दाम घडवलेलं यथादर्शन. त्याच्या मुळाशी डोळ्यांची एक साधी अडचण आहे. हात लांब करून अंगठा समोर धरला तर तो दूरची अख्खी एस.टी. झाकतो, कारण जवळची लहान वस्तू आणि लांबची मोठी वस्तू डोळ्यात सारखाच कोन करतात. नुसत्या कोनावरून मेंदूला खरं माप कळत नाही. म्हणून तो ओळखीच्या गोष्टींचा आधार घेतो: वीट एवढी असते, दार एवढं असतं, खिडकी एवढी असते. मनोऱ्यावरची वीट लहान दिसली की मेंदू वीट लहान आहे असं धरत नाही, मनोरा लांब आहे असं धरतो. किल्ला बांधणाऱ्यांनी नेमका हाच हिशेब हाती घेतला.

हा हिशेब डिस्नेच्या माणसांनी शोधला नाही. त्याची वंशावळ पाहिली तर तिच्यात खरे गडकोट जवळजवळ नाहीतच. आहेत ती चर्चेस, नाट्यगृहं आणि चित्रपटांचे सेट. माझ्या मते थीम पार्कचा किल्ला समजून घ्यायचा तर त्याच्याकडे दुर्गबांधणीचा नमुना म्हणून पाहणं सोडून द्यावं आणि नाटकाच्या पडद्याचा वंशज म्हणून पाहावं.

सुरुवात इटलीतून. पंधराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत फ्लोरेन्समध्ये ब्रुनेलेस्की या वास्तुविशारदाने यथादर्शनाचं गणित प्रयोगाने दाखवलं आणि १४३५ मध्ये आल्बर्तीने ते चित्रकारांसाठी लिहून काढलं. समांतर रेषा दूर जाताना एका बिंदूत मिळतात, हे आता शाळेच्या चित्रकलेच्या तासाला शिकवतात. त्या काळात मात्र हे नवं हत्यार होतं आणि ते लवकरच कागदावरून भिंतीवर आलं. मिलानमधल्या सांता मारिया प्रेस्सो सान सातिरो या चर्चच्या मागे रस्ता होता, त्यामुळे वेदीमागचा भाग बांधायला जागाच नव्हती. १४८० च्या दशकात ब्रामान्तेने तिथे एक मीटरहूनही कमी खोलीत, उठाव आणि रंग यांच्या जोरावर, कमानींचं लांबलचक छत भासेल अशी रचना केली. मधल्या वाटेवरून पाहिलं तर चर्च मागे खूप खोल गेल्यासारखं वाटतं. बाजूला सरकलं की सगळं सपाट.

हे ‘बाजूला सरकलं की’ फार महत्त्वाचं आहे. हा भास एका जागेसाठी बांधलेला असतो. पाहणाऱ्याने कुठे उभं राहायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि माणसांना एका जागी बसवून एका दिशेला पाहायला लावणारी हक्काची जागा म्हणजे नाट्यगृह.

व्हिचेन्झा शहरातल्या तेआत्रो ओलिम्पिको या नाट्यगृहाचा आराखडा पाल्लादिओ या वास्तुविशारदाचा. १५८० मध्ये काम सुरू झालं आणि त्याच वर्षी तो वारला. पुढे स्कामोझ्झीने रंगमंचामागे लाकूड आणि गिलाव्याचे रस्ते उभारले. १५८५ मध्ये ‘ईडिपस’च्या प्रयोगाने नाट्यगृह उघडलं तेव्हा ते रस्ते थीब्ज नगरीचे होते. रस्त्याची जमीन मागे चढत जाते, दोन्ही बाजूंची घरं लहान होत जातात, वरच्या कडा खाली उतरत येतात. काही मीटरांत अख्खी गल्ली मावली आहे. अडचण एकच: नट त्या गल्लीत आत चालत गेला तर घरांच्या मानाने राक्षसासारखा दिसू लागतो. म्हणून नटांनी पुढेच उभं राहायचं. ते लाकडी रस्ते आजही तिथे उभे आहेत.

रोममधल्या पालाझ्झो स्पादामध्ये बोर्रोमिनीने १६५० च्या सुमारास हीच गोष्ट दगडात केली. तिथला खांबांचा मार्ग नऊ मीटरांहून किंचित कमी लांबीचा आहे, पण भासतो त्याच्या चौपट. टोकाला उभा असलेला योद्ध्याचा पुतळा पुरुषभर उंचीचा वाटतो, प्रत्यक्षात तो साधारण ६० सेंटीमीटरचा आहे. हिशेबासाठी बोर्रोमिनीने एका गणिती धर्मगुरूची मदत घेतली होती. या सगळ्या नमुन्यांत मला हा सर्वांत सुंदर वाटतो, कारण इथे रंगाचा आधार जवळजवळ नाही. खांब, जमीन आणि छत एवढ्यांनीच काम भागवलं आहे.

याच्या उलट युक्तीही जुनीच आहे, आणि तिचा उत्तम नमुना आपल्या देशात आहे. ताजमहालाच्या प्रवेशकमानींभोवतीची अक्षरं वर जाताना मोठी होत जातात, म्हणून खाली उभं राहून वाचणाऱ्याला ती सारखी दिसतात. तिथे डोळ्याची चूक भरून काढली आहे, किल्ल्यात तीच चूक वापरून घेतली आहे. गणित एकच.

एकोणिसाव्या शतकात ही वाट जर्मनीतल्या बव्हेरियात येते. राजा दुसरा लुडविग वाग्नरच्या संगीतनाट्यांनी भारलेला होता. त्याला जुन्या दंतकथांतल्यासारखा किल्ला हवा होता, आणि त्याची चित्रं त्याने काढून घेतली ती ख्रिस्टियान यांक या रंगमंचावरची दृश्यं रंगवणाऱ्या चित्रकाराकडून. त्या चित्रांवरून बांधता येण्याजोगे आराखडे करण्याचं काम वास्तुविशारदांकडे गेलं. १८६९ मध्ये पायाभरणी झाली. हा किल्ला म्हणजे नॉयश्वानस्टाइन. तो दिसतो मध्ययुगीन, पण भिंती विटांच्या आहेत आणि वरून फिकट चुनखडीचा दगड लावलेला आहे. शत्रूला अडवण्यासाठी तो बांधलाच नव्हता. १८८६ मध्ये लुडविग मरण पावला तेव्हा काम अर्धवट होतं. सिंहासनाच्या दालनात सिंहासन कधी आलंच नाही. राजाच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच तो तिकीट लावून लोकांना खुला झाला.

आपल्याकडे किल्ला म्हटलं की रायगड किंवा राजगड डोळ्यांपुढे येतो, म्हणून हा फरक चटकन जाणवतो. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा दडवला आहे की जवळ येईपर्यंत तो दिसू नये. थीम पार्कमध्ये दरवाजाच सर्वांत आधी दिसायला हवा. खरं तर ‘कॅसल’ला किल्ला म्हणावं की राजवाडा, हाही प्रश्नच आहे. पण मराठीत किल्ला हाच शब्द रुळला आहे, म्हणून इथेही तोच ठेवला आहे.

नॉयश्वानस्टाइन ते अनाहाइम या प्रवासात मधला मुक्काम सिनेमाचा आहे. मूकपटांच्या काळापासून सेट बांधणारे मागची घरं लहान करत, जमीन चढती ठेवत. १९२७ च्या ‘सनराइज’साठी मुर्नाऊने शहराचा भव्य सेट असाच उभारून घेतला होता. कॅमेऱ्याला एकच डोळा असतो आणि तो कुठे ठेवायचा हे दिग्दर्शक ठरवतो, त्यामुळे ब्रामान्तेच्या चर्चमधली ‘बाजूला सरकलं की’ची अडचण इथे आपोआप सुटली.

नेमकी हीच माणसं डिस्नेलँडच्या कामावर आली. वॉल्ट डिस्नेने १९५२ मध्ये पार्कच्या आखणीसाठी वेगळी कंपनी काढली आणि तिच्यात मार्व्हिन डेव्हिस, बिल मार्टिन, हार्पर गॉफ असे चित्रपटांच्या सेटवर हात बसलेले लोक घेतले. हर्ब रायमन हा चित्रकारही स्टुडिओंतूनच आलेला. सप्टेंबर १९५३ मध्ये एका शनिवार-रविवारात वॉल्टच्या शेजारी बसून त्याने पार्कचं पहिलं मोठं विहंगम चित्र काढलं. वॉल्टच्या भावाला ते न्यूयॉर्कला पैसे उभे करायला न्यायचं होतं. त्या चित्रातही किल्ला आहे.

रायमनची आणखी एक हकीकत त्याच्या सहकाऱ्यांत नेहमी सांगितली जाते. किल्ल्याची प्रतिकृती नॉयश्वानस्टाइनसारखी फारच दिसते असं त्याला वाटत होतं. त्याने वरचा भाग उचलला आणि उलटा फिरवून ठेवला. इतरांनी घाईघाईने तो पूर्ववत करायला सांगितला, तेवढ्यात वॉल्ट आत आला, आणि त्याला तोच आवडला. म्हणजे आज आपण ज्याला किल्ल्याचा दर्शनी भाग समजतो ती मुळात पाठीमागची बाजू होती. एखादा खरा गड असा फिरवता आला नसता. नाटकाचा देखावा फिरवता येतो.

वॉल्टला माणसांना दडपून टाकणारी वास्तू नको होती, हे अनाहाइमच्या किल्ल्याच्या मापात दिसतं. मेन स्ट्रीटवरही हाच विचार आहे. दुकानांचा तळमजला जवळपास खऱ्या मापाचा, कारण तिथून माणसं आतबाहेर करतात. वरचे मजले मात्र क्रमाने बुटके. रस्ता आपुलकीचा वाटतो आणि तरी घरं तीन मजली भासतात. १९५९ मध्ये तिथे मॅटरहॉर्न पर्वत उभा राहिला, १४७ फुटांचा, मूळ शिखराच्या साधारण शंभराव्या हिश्श्याचा. त्याच्या उतारावरची झाडं वर जाताना खुजी होत जातात.

हीच विद्या थोड्या वेगळ्या वाटेने आपल्याकडेही आली होती. १८४६ मध्ये मुंबईत ग्रँट रोडला पाश्चात्त्य धर्तीचं नाट्यगृह उभं राहिलं. विष्णुदास भाव्यांच्या मंडळीने १८५३ मध्ये तिथे खेळ केले, आणि पुढच्या काळात संगीत नाटकांत रंगवलेल्या पडद्यांचं वैभव वाढत गेलं. रस्त्याचा पडदा, महालाचा पडदा, जंगलाचा पडदा. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्यातले भाऊ असे पडदे रंगवत, आणि बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. पडदे रंगवणारा हात सिनेमाकडे वळणं ही वाट जशी हॉलिवूडमध्ये होती तशीच कोल्हापुरातही होती.

१ ऑक्टोबर १९७१ ला फ्लोरिडात वॉल्ट डिस्ने वर्ल्ड उघडलं तेव्हा तिथला ‘सिंड्रेला कॅसल’ १८९ फुटांचा झाला. हाही रायमनच्याच कल्पनेतला. इथे खरी वीट एकही नाही. आत पोलाद आणि काँक्रीट, मनोऱ्यांवर फायबरग्लास, आणि दगडांचे सांधे साच्यातून काढलेले. उंची २०० फुटांच्या आत ठेवण्यामागे व्यवहार होता. त्याहून उंच बांधकामावर विमानांसाठी इशाऱ्याचा लाल दिवा लावावा लागला असता. परीकथेच्या मनोऱ्यावर लुकलुकणारा लाल दिवा कोणालाच नको होता. उरलेली उंची दगडांच्या मापाने भरून काढली.

पॅरिसमध्ये प्रश्न वेगळाच निघाला. लॉआर नदीकाठी खरे शातो, म्हणजे जुने राजवाडे आणि किल्ले, उभे असलेल्या देशात खोटा किल्ला खऱ्यासारखा करून काय मिळवायचं? १९९२ मध्ये उघडलेल्या तिथल्या किल्ल्याने वास्तवाचा हट्टच सोडला. माँ-सां-मिशेल या खडकाळ बेटावरच्या मठाची चढण आणि मध्ययुगीन हस्तलिखितांतल्या चित्रांचे निमुळते मनोरे घेतले, आणि पायथ्याशी चौकोनी कापलेली झाडं लावली. तिथेही वरचे भाग लहान होत जातातच, फक्त आव कथेच्या पुस्तकाचा आहे.

रंगही या कामात हात देतात. दूरचे डोंगर फिकट निळसर दिसतात, म्हणून वरचे रंग फिकट ठेवले की वरचा भाग आणखी लांब जातो. अनाहाइमच्या किल्ल्याला २०१९ मध्ये नवा रंग दिला तेव्हा भिंतींचा गुलाबी पायथ्याशी गडद घेऊन वर पांढऱ्याकडे नेला तो याचसाठी.

भास मोडतो तो दोन गोष्टींनी: वर उभ्या माणसाने, किंवा मागे उभ्या खऱ्या डोंगराने. पहिली अडचण टाळता येते, छोट्या मनोऱ्यांत पाहुण्यांना सोडत नाहीत. व्हिचेन्झाच्या नटांना जो नियम होता तोच हा. दुसरीवर इलाज अवघड. २००५ मध्ये हाँगकाँगला अनाहाइमच्याच मापाचा ७७ फुटी किल्ला बांधला, पण त्याच्या मागे लांताऊ बेटाच्या हिरव्या टेकड्या होत्या. खऱ्या उंचीशेजारी रचलेली उंची उघडी पडते. २०२० मध्ये जुन्या किल्ल्याचा गाभा ठेवून त्यावर नवे मनोरे चढवले आणि तो दुपटीहून उंच केला. शांघायमध्ये २०१६ मध्ये उघडलेला किल्ला तर सुरुवातीपासूनच जवळपास २०० फुटांचा होता. त्याच्या आत उपाहारगृह आहे, जिन्याने चढून पाहायची दालनं आहेत, तळातून होड्या जातात. एवढी खरी उंची हाती असूनही त्याचे वरचे कळस निमुळतेच ठेवले आहेत.