विंडोज दुरुस्त झाली, पण घरी नेट लागत नाही? आधी हे बघा

दुकानात तुमच्यासमोर नेट चालवून दाखवलं आणि घरी नेल्यावर मात्र काहीच उघडेना. विंडोज दुरुस्त करून दिल्यावर आम्हाला सगळ्यांत जास्त फोन येतात ते याच तक्रारीचे. बहुतेक वेळा मशीनमध्ये नवा बिघाड झालेला नसतो. दुकानात आम्ही आमच्या राउटरवर, आमच्या वायरीने नेट तपासतो. तुमच्या घरचा वायफाय पासवर्ड, केबलवाल्याने दिलेलं युजरनेम, ऑफिसने करून दिलेलं सेटिंग हे सगळं जुन्या विंडोजमध्ये साठवलेलं होतं. नव्या विंडोजमध्ये ते पुन्हा भरावं लागतं. घाईने काही बदलण्याआधी नेमकं कुठे अडलंय ते शोधा.

बिलावर आम्ही कामाचा प्रकार लिहितो, तो वाचा. ‘रिपेअर’ असेल तर प्रोग्राम, फाइली आणि बरीचशी सेटिंग्ज जागच्या जागी असतात. ‘रीसेट’ असेल तर फाइली राहतात, पण तुम्ही टाकलेले प्रोग्राम आणि सेटिंग्ज जातात. ‘फॉरमॅट’ म्हणजे विंडोज अगदी कोरी. खालची निम्मी कारणं रीसेट आणि फॉरमॅटनंतरच उद्भवतात.

आधी मोबाइलवर तपासा

मोबाइल घरच्या वायफायला जोडा आणि त्याचा मोबाइल डेटा बंद करा. डेटा चालू ठेवून तपासलं तर मोबाइल गुपचूप सिमवरून नेट घेतो आणि ‘मोबाइलवर तर चालतंय’ असा गैरसमज होतो. डेटा बंद केल्यावर मोबाइलवरही काही उघडलं नाही, तर दोष संगणकाचा नाही. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’ लिहिलेला लाल दिवा लागला असेल तर बाहेरून प्रकाशाचा सिग्नलच येत नाहीये. पावसात फांदी पडते, गणपतीचा मांडव घालताना खांबावरची वायर ओढली जाते. अशा वेळी केबलवाल्यालाच फोन करा.

दिवा ठीक असेल तर राउटर एक मिनिट बंद करून पुन्हा चालू करा आणि तीन-चार मिनिटं थांबा. मात्र राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालू नका. ते बटण दाबून धरलं की केबलवाल्याने राउटरमध्ये भरलेली सगळी माहिती पुसली जाते आणि मग घरातल्या सगळ्यांचंच नेट बंद पडतं.

वायफायची नावंच दिसत नसतील तर

आता संगणकाकडे या. घड्याळाशेजारच्या नेटच्या चिन्हावर क्लिक करा. आधी ‘एअरप्लेन मोड’ चालू नाही ना ते बघा. लॅपटॉपच्या वरच्या रांगेतली विमानाचं चित्र असलेली की चुकून दाबली जाते. जुन्या काही लॅपटॉपना कडेला वायफायचा सरकता स्विचही असतो.

तिथे वायफायचं बटणच नसेल, तर बहुधा नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवायला विंडोजला लागणारा छोटा प्रोग्राम, बसलेला नाही. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. ‘अदर डिव्हायसेस’खाली ‘नेटवर्क कंट्रोलर’ आणि त्यावर पिवळा त्रिकोण दिसला, की खात्री झाली. खरी अडचण अशी की ड्रायव्हर नेटवरून घ्यायचा आणि नेट तर त्याच्याशिवाय लागत नाही. एका विद्यार्थिनीच्या बाबतीत आमच्याकडून हीच चूक झाली होती. परीक्षेचा फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन परत धावत आली. ते आम्हाला फार लागलं. तेव्हापासून प्रत्येक मशीनमध्ये आम्ही ‘नेट ड्रायव्हर’ नावाचा फोल्डर ठेवतो. मशीनला डी ड्राइव्ह असेल तर तिथे, नाहीतर डेस्कटॉपवर. त्यातली सेटअप फाइल चालवा आणि मशीन रीस्टार्ट करा.

फोल्डर पुसला गेला असेल तरी मार्ग आहे. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरीने संगणकाला जोडा, फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. विंडोज १० आणि ११ मध्ये यासाठी सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही, काही सेकंदांत नेट येतं. मग ‘विंडोज अपडेट’ चालवा. बऱ्याचदा हरवलेला ड्रायव्हर ते स्वतःच शोधून बसवतं. वायर मात्र डेटा वाहणारी हवी. नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त वायरीने हे जमत नाही. आयफोनला आधी अ‍ॅपलचं सॉफ्टवेअर संगणकात असावं लागतं, म्हणून शेजारचा अँड्रॉइड मागून आणलेला बरा.

‘ड्रायव्हर अपडेट करून देतो’ म्हणणारे फुकट प्रोग्राम कृपया टाकू नका. ड्रायव्हर फक्त मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून किंवा विंडोज अपडेटमधून घ्या.

जोडलंय, पण ‘नो इंटरनेट’

सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ उघडून तुमच्या कनेक्शनच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस’ बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, संगणकाने आपल्या मनाने घेतलाय. ते वायफाय ‘फरगेट’ करून पासवर्ड टाकून पुन्हा जोडा आणि मशीन ‘शट डाउन’ न करता ‘रीस्टार्ट’ करा. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउनने विंडोज पूर्ण बंद होत नाही, रीस्टार्टने होते. तिथेच ‘आयपी असाइनमेंट’ आणि ‘डीएनएस’ दोन्ही ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा. ऑफिसच्या मशीनला ठरावीक आकडे दिलेले असतील तर ते तिथल्या माणसाला विचारूनच भरा.

केबलवाल्याची वायर राउटरशिवाय थेट संगणकात येत असेल, तर जुन्या विंडोजमधलं ‘ब्रॉडबँड कनेक्शन’ आता गेलेलं असणार. ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मधल्या ‘डायल-अप’ या पानावरून नवं कनेक्शन बनवा, ‘ब्रॉडबँड पीपीपीओई’ निवडा आणि युजरनेम-पासवर्ड भरा. तो पासवर्ड आम्हाला कळत नाही, तो केबलवाल्याकडेच मिळतो. आम्ही मदरबोर्ड किंवा लॅन कार्ड बदललं असेल तर आणखी एक गोष्ट त्याला सांगा: ‘मॅक अ‍ॅड्रेस बदललाय.’ हा कार्डाचा ओळख क्रमांक असतो. काही केबलवाले कनेक्शन एका कार्डाला बांधून ठेवतात, कार्ड बदललं की त्यांच्या बाजूने नोंद बदलावी लागते.

नेट आहे, पण साइट उघडत नाहीत

प्रत्येक साइटवर ‘कनेक्शन खासगी नाही’ असा इशारा येत असेल तर आधी तारीख बघा. मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा बटण सेल संपला की घड्याळ मागे जातं. तारीख चुकली की साइटची सुरक्षा प्रमाणपत्रं संगणकाला अवैध वाटतात. तारीख नीट करा. उद्या पुन्हा मागे गेली तर सेल बदलावा लागेल, काम पाच मिनिटांचं आहे.

व्हायरस काढण्यासाठी मशीन दिलं होतं? मग ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मधल्या ‘प्रॉक्सी’ (नेटची ये-जा मधल्या दुसऱ्या संगणकातून वळवणारं सेटिंग) या पानावर ‘यूज अ प्रॉक्सी सर्व्हर’ बंद आहे ना ते बघा. व्हायरस जातो, पण त्याने लावलेली प्रॉक्सी कधी कधी मागे राहते आणि ब्राउझर तिथेच अडकतो.

हे सगळं करून झाल्यावरच ‘नेटवर्क रीसेट’ला हात लावा. त्याने सगळे वायफाय पासवर्ड पुसले जातात आणि ऑफिसचं व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारी सोय) पुन्हा बसवावं लागू शकतं.

एक कळकळीची विनंती

नेट बंद असताना मोबाइलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधून समोर येईल त्या नंबरला फोन करू नका. अशा शोधात खोटे नंबर असतात. पलीकडचा माणूस गोड बोलून स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला लावतो आणि बँकेचं खातं रिकामं करतो. कंपनीचा नंबर बिलावरून किंवा तिच्या अ‍ॅपमधून घ्या. ओटीपी आम्हालाही सांगू नका, आम्ही तो कधीच मागत नाही. फसवणूक झालीच तर लाजू नका, ताबडतोब १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

आम्हाला फोन कराल तेव्हा तीन गोष्टी सांगा: मोबाइलवर वायफायने नेट चालतं का, संगणकात वायफायची नावं दिसतात का, आणि पडद्यावर नेमके कोणते शब्द येतात. डिव्हाइस मॅनेजरचा फोटो काढून पाठवलात तर अर्धं काम फोनवरच होतं. मशीन आणावं लागलं तर वायफायचं यूएसबी डाँगल वापरत असाल ते विसरू नका, त्याचा ड्रायव्हर वेगळा असतो. ड्रायव्हर आमच्याकडून राहिला असेल तर पैसे लागणार नाहीत. बिल सोबत आणा, म्हणजे रांगेत न थांबता आधी तुमचं मशीन घेऊ.