मांडणीवरचा तांब्या आणि बार्बाडोसची जमीन

औसा तालुक्यातल्या आमच्या घरी रस्त्याकडच्या भिंतीला मांडणी आहे. ट्रक गेला की तिच्यावरचा पितळी तांब्या शेजारच्या फुलपात्राला लागून किणकिणतो. ट्रक भरलेला की रिकामा, हे आजी त्या आवाजावरून सांगायची. एप्रिल 2020 मध्ये तांब्या कित्येक दिवस वाजलाच नाही, आणि आजीला त्या शांततेची धास्ती वाटायची. 1993 ला गणपती बोळवून दमलेली माणसं अशीच गाढ झोपली होती. 30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला आणि माळवदं त्यांच्या अंगावर आली.

तांब्याला जे कळतं ते भूकंपमापकाला कितीतरी बारीक कळतं. गाड्या, कारखाने, माणसांची पावलं यांनी जमीन सतत थरथरत असते. सेकंदाला साधारण 4 ते 14 वेळा होणारी ही थरथर म्हणजे आपलाच गोंगाट. महासाथीत तो जगभर ओसरला.

कॅरिबियनमधलं बार्बाडोस पर्यटकांवर जगणारं बेट. एवढंसं, की लातूर जिल्ह्यात अशी सोळा मावतील. तिथे 28 मार्चला टाळेबंदी झाली आणि जमिनीची थरथर जवळपास निम्म्यावर आली. मला थक्क करते ती त्याआधीची गोष्ट. टाळेबंदीच्या आधीच आलेख उतरू लागला होता, कारण पाहुणे विमानं पकडून घरी निघाले होते. हॉटेलं रिकामी होताना जमिनीनं नोंदवली!

बेल्जियमच्या शाही वेधशाळेतल्या तोमा लकॉक यांनी जगभरच्या सहकाऱ्यांसोबत 117 देशांतल्या 268 केंद्रांच्या नोंदी तपासल्या. त्यातल्या 185 ठिकाणी गोंगाट घटलेला दिसला. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला तर जमिनीखाली शेकडो मीटर खोल बसवलेल्या यंत्रालाही तो फरक जाणवला.

समुद्र मात्र थांबला नव्हता. लाटांच्या माऱ्यानं जमिनीत काही सेकंदांचे संथ हेलकावे उठतात आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, आपल्या मराठवाड्यातही पोचतात. त्यांची लय वेगळी असल्यानं ते सहज वेगळे काढता येतात. माणसांचा गोंगाट आणि जवळचा बारीक भूकंप यांची लय मात्र एकमेकींत मिसळते. म्हणून शहराजवळ लहान हादरे हरवतात. मेक्सिकोत 7 एप्रिल 2020 ला 5 रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला. गोंगाट घटल्यामुळे 380 किलोमीटरवरच्या शहरी यंत्रात तो, नोंदीतला गोंगाट गाळून न काढताही, स्पष्ट उमटला.

हे आपल्या जिव्हाळ्याचं आहे. किल्लारीत मोठ्या भूकंपाच्या आदल्या वर्षी, 1992 मध्ये, लहान हादरे बसले होते. हिंगोली जिल्ह्यातल्या पांगरा शिंदेचे लोक वर्षानुवर्षं जमिनीतून गूढ आवाज येतात म्हणून सांगत आलेत. 21 मार्च 2024 च्या सकाळी त्या भागात 4.5 चा धक्का बसला. लहान हादरे आले म्हणजे मोठा येणारच, असं कुणालाही सांगता येत नाही. पण आपल्या काळ्या कातळाखाली भेगा कुठून जातात, हे त्या हादऱ्यांवरूनच उमगतं.

टाळेबंदीतल्या त्या नोंदी म्हणूनच मोलाच्या. माणसं नसताना जमीन कशी वागते हे त्यांत आहे. त्यावरून उरलेल्या काळातला आपला गोंगाट ओळखून बाजूला काढता येईल. आजी भरलेला ट्रक रिकाम्यापासून ओळखायची ना, तसंच.