तीनच काडतुसं भरली, म्हणजे नियम पाळला?

अमेरिकेतल्या सार्वजनिक वन्यजीव क्षेत्रांत बदकांच्या शिकारीला जाणाऱ्यांमध्ये हा समज घट्ट रुजलाय. तो चुकीचा आहे. अमेरिकेचा संघीय नियम बंदुकीत किती काडतुसं मावतात हे पाहतो (कमाल तीन), तुम्ही किती भरली हे नाही. पंप (हाताने सरकवून पुढचं काडतूस चढवायची) किंवा सेमी-ऑटोमॅटिक (ते आपोआप चढवणारी) शॉटगनच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसं साठवणाऱ्या नळीत, जागा अडवणारा एकसंध दांडा, म्हणजेच अडसर हवा, तोही बंदूक खोलल्याशिवाय न निघणारा. मग दोन काडतुसं मॅगझिनमध्ये, एक चेंबरमध्ये (जिथून ते झाडलं जातं), बस्स.

घोळ होतो तो साफसफाईत. मॅगझिनच्या स्प्रिंगसोबत हा लाकडी वा प्लास्टिकचा दांडा बाहेर येतो आणि टेबलावरच राहतो. म्हणून निघण्याआधी घरीच तपासा: बंदूक पूर्ण रिकामी करून मॅगझिनमध्ये नकली काडतुसं सारा, तीही आखूड, पावणेतीन इंची. तिसरं आत गेलं, तर अडसर तोकडा आहे किंवा नाहीच.