तास मोजायचे की चुका? साहाय्यक कुत्र्याच्या नोंदवहीमागचा वाद

ग्वाल्हेरमध्ये कुत्रं शिकवायचा विषय निघाला की आधी टेकनपूरच आठवतं. झाशी रस्त्यावरच्या त्या केंद्रात १९७०पासून सुरक्षा दलांची कुत्री तयार होतात. तिथे कुत्रं दलाचं, हँडलर नोकरीतला आणि नोंदही दलाचीच. अपंग माणसाच्या हाताशी राहणाऱ्या कुत्र्याचं तसं नाही. लष्करातलं एखादं मराठी कुटुंब ट्रेनरला हाताशी धरून घरच्याच लॅब्रॅडोरला शिकवायला घेतं, तेव्हा प्रगती कोणी लिहायची आणि ती दाखवायची कोणाला, इथूनच घोळ सुरू होतो.

आरंभीची गोष्ट थोडक्यात सांगता येते. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली जर्मनीत ओल्डेनबर्गला मार्गदर्शक कुत्र्यांची शाळा निघाली. १९२९मध्ये अमेरिकेत आणि १९३१मध्ये ब्रिटनमध्ये तेच काम सुरू झालं. कुत्रं निवडायची संस्था, शिकवायची संस्था आणि नापासही तीच करायची. मालकाला तयार कुत्रं मिळे, वही लिहायची वेळच त्याच्यावर येत नसे.

ती आली अमेरिकेच्या १९९०च्या अपंग हक्कांच्या कायद्यानंतर. त्याखालच्या, मार्च २०११मध्ये लागू झालेल्या सुधारित नियमांनुसार मालक स्वतः कुत्र्याला शिकवू शकतो आणि प्रमाणपत्र लागत नाही. अपंगत्वामुळे हे कुत्रं लागतं का आणि त्याला कोणतं काम शिकवलं आहे, एवढे दोनच प्रश्न दुकानदाराला विचारता येतात. सोय मोठी झाली, पण कुत्रं खरोखर तयार आहे हे कशावरून ठरवायचं, हे मालकाच्याच गळ्यात पडलं.

ही जागा एका आकड्याने भरली. साहाय्यक कुत्री वापरणाऱ्यांच्याच एका संघटनेने ऐच्छिक मानक ठेवलं होतं: सहा महिने किंवा अधिक काळात किमान १२० तास प्रशिक्षण, त्यातले किमान ३० तास घराबाहेर, लोकांत. हिशोब केला तर आठवड्याला पावणेपाच तासही भरत नाहीत. हा खालचा उंबरठा होता, पण तक्ते तयार होऊन इंटरनेटवर फिरू लागले आणि १२० हेच शिखर झालं. तारीख, ठिकाण, मिनिटं, खाली बेरीज. आपल्याकडच्या वह्यांतही हाच साचा आला.

वाद इथेच आहे. मानकात दोन वर्गांच्या मधला घरचा सरावही धरला आहे. मग सकाळी फूलबागेपर्यंत मारलेली फेरी सराव की नुसतं फिरणं? तासवाले म्हणतात, शिस्त लागते आणि नवशिक्याला काहीतरी धरून चालता येतं. ते खरंच आहे. पण तासांत दिसते माणसाची चिकाटी. कुत्रं काय शिकलं, ते त्यात दिसत नाही. १९९०च्या दशकात क्लिकर (बरोबर जमलं की 'टिक' वाजवायचं छोटं यंत्र) वाजवून आणि खाऊ देऊन शिकवण्याची पद्धत पसरली, तिच्यासोबत दुसरी मोजणी आली: दहापैकी किती वेळा जमलं, आज्ञेनंतर किती सेकंदांनी जमलं आणि आजूबाजूला काय चाललं होतं. दहापैकी आठ जमेपर्यंत पुढची पायरी नाही, असा अनेक ट्रेनरचा साधा नियम आहे. मला हीच वही वाचण्याजोगी वाटते. बाडा म्हणजे इथला गजबजलेला बाजारचौक. 'बाडा, संध्याकाळी ६, एक तास' या नोंदीतून काहीच कळत नाही. 'बाडा, संध्याकाळी ६. "सोड" दहापैकी ४, रस्त्यावर कचोरीचे द्रोण. घरी काल ९' यातून उद्या काय करायचं ते कळतं.

अशा वहीत एक रकाना इथल्या मराठी घरांना हमखास लागतो: आज्ञा कोणी आणि कोणत्या शब्दांत दिली. आई 'बैस' म्हणते, मुलगा 'बस', शेजारचे काका 'बैठ'. आकडा घसरला की दोष कुत्र्याच्या माथी मारला जातो.

ग्वाल्हेरच्या हवेनेही तासांचं गणित बिघडतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो. डांबरावर पंजे पोळतात, म्हणून बाहेरचा सराव भल्या पहाटे उरकावा लागतो किंवा बंदच ठेवावा लागतो. बेरीज अडते आणि तक्ता भरायच्या नादात लोक कुत्र्याला दुपारी बाहेर काढतात. उलट थंडीतल्या मेळ्यात, जो १९०५मध्ये गुरांचा बाजार म्हणूनच सुरू झाला, भोंगे, पाळणे आणि गर्दीतला अर्धा तास एरवीच्या दहा तासांहून जास्त सांगून जातो. तक्त्यात मात्र तो अर्धाच तास.

डिसेंबर २०२०मध्ये अमेरिकेच्या विमान नियमांत बदल झाला. केवळ भावनिक आधारासाठीचे प्राणी साहाय्यक या व्याख्येतून बाहेर पडले आणि कुत्रं शिकवलेलं आहे असं प्रवाशाकडून ठरावीक अर्जावर लिहून घेण्याची मुभा विमान कंपन्यांना मिळाली. त्या अर्जात तास विचारत नाहीत. प्रशिक्षण कोणी दिलं, लस कधी टोचली आणि कुत्रं लोकांत नीट वागतं का, हे विचारतात. आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात साहाय्यक कुत्र्याची व्याख्याच नाही. त्यामुळे मॉलच्या दारावरच्या गार्डला १२० तासांची वही दाखवा नाहीतर दहापैकी नऊची, तो शिक्का मागतो, आणि शिक्का असतो तो फक्त रेबीजच्या लसीच्या कार्डावर.