बॉनेटवरचा बोका

आमच्या बोळात एक पिवळा बोका आहे. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास सोलापुरात जी काय आठ-दहा दिवसांची थंडी पडते, त्या दिवसांत संध्याकाळी मी गाडी दारात लावली की पाच मिनिटांत हा बॉनेटवर हजर. पाय पोटाखाली घेऊन निवांत झोपायचा. गेल्या दिवाळीत आम्ही अकरा वर्षं वापरलेली पेट्रोलची गाडी विकली आणि इलेक्ट्रिक घेतली. जानेवारीत बोका सवयीनं वर चढला, पंजे टेकवले, मिनिटभर बसून पाहिलं आणि उतरून शेजारच्या काकांच्या डिझेल जीपकडे गेला. परत काही आला नाही.

त्याला पंजाला जे कळलं, ते मला कागदावर मांडून बघावं लागलं.

हिशेब लाइटबिलातल्या युनिटमध्ये करू, ते सगळ्यांच्या ओळखीचं आहे. हजार वॅटची इस्त्री तासभर सलग तापत राहिली की एक युनिट. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. जुनी गाडी गावात लिटरला १४ किलोमीटर द्यायची, म्हणजे ९ युनिटमध्ये १४ किलोमीटर. नवी गाडी एका युनिटमध्ये साडेसहाच्या आसपास जाते, म्हणजे तेवढ्याच ऊर्जेत ५८-५९ किलोमीटर. ही गाडी जुनीपेक्षा जड आहे. माणसं तीच, रस्ता तोच, खड्डेही तेच. मग आधीची बाकीची ऊर्जा जायची कुठे? बरीचशी सायलेन्सरमधून, रेडिएटरमधून, आणि थोडी बोक्याच्या पोटाखाली.

यात गाडी बनवणाऱ्यांचा आळस नाही. पेट्रोल पेटलं की तापलेल्या वायूचे रेणू दाही दिशांना धावतात, आणि पिस्टनला मात्र एकाच दिशेला ढकलायचं असतं. त्या गोंधळातला काही भागच कामाला लावता येतो. उष्णतेवर चालणाऱ्या कुठल्याही इंजिनाला ही मर्यादा असते, हे सादी कार्नो या फ्रेंच इंजिनिअरनं १८२४ मध्येच दाखवून दिलं होतं, तेव्हा पेट्रोलची गाडी कुणाच्या स्वप्नातही नव्हती. गावात चालणाऱ्या गाडीत चाकापर्यंत जेमतेम पाव ऊर्जा पोचते, आणि सात रस्त्याच्या सिग्नलला उभ्या उभ्या जळतं ते वेगळंच. विजेच्या मोटरमध्ये आधी उष्णता आणि मग गती असा वळसा नाही. चुंबकीय क्षेत्रातल्या तारेतून प्रवाह गेला की तिला थेट धक्का बसतो. दहातले आठ-नऊ भाग चाकाला मिळतात.

गाडी घेताना एवढं मला ढोबळ माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते पुढच्या सात-आठ महिन्यांत समजलं. ज्या घरात महिन्याला लाखभर सहज उडतात, तिथे कोथिंबिरीची जुडी दहाला आणली की वीसला, हे कुणी विचारत नाही. पेट्रोलची गाडी म्हणजे तसं घर. या गाडीत उधळपट्टीच थांबल्यामुळे कोथिंबिरीची जुडीसुद्धा वहीत दिसायला लागते. वारा, चढ, एसी, माझा उजवा पाय, सगळं.

एसीचंच घ्या. मे महिन्यात पारा ४३ वर असताना एसी साधारण दीड किलोवॅट खातो, उन्हात उभी असलेली गाडी नुकतीच सुरू केली असेल तर याहून जास्त. हे भाडं तासावर आहे, किलोमीटरवर नाही. हायवेवर ताशी ८० नं गेलं तर ८० किलोमीटरमागे दीड युनिट, म्हणजे किरकोळ. पण नवी पेठेच्या गर्दीत ताशी २० नं रांगताना तेच दीड युनिट २० किलोमीटरमागे लागतात, आणि तेवढं अंतर काटायला गाडीला स्वतःला तीन युनिटच लागतात! म्हणजे खर्च दीडपट झाला. रेंजचा, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी किती जाईल याचा, जो आकडा जाहिरातीत असतो तो प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरलेल्या वेगानं गाडी फिरवून काढलेला असतो. त्या रोलरवर सोलापूरचं ऊन पडत नाही.

हायवेवर दुसराच धनी असतो, हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ८० वरून १०० वर गेलात तर वेग सव्वापट, पण विरोध दीडपटीहून थोडा जास्त. पेट्रोलच्या गाडीत हे लपून जायचं, कारण हायवेवर इंजिन त्याच्या सोयीच्या फेऱ्यांवर चालतं, त्यातून होणारी बचत हवेच्या खर्चाला पुरून उरायची. म्हणून जुनी गाडी हायवेला जास्त अॅव्हरेज द्यायची आणि गावात कमी. नवीचं बरोबर उलटं आहे, आणि मला ते पचायला वेळ लागला. जूनमध्ये पुण्याला गेलो, अडीचशे किलोमीटर. पश्चिमेचा वारा समोरून होता. जाताना शंभर किलोमीटरला १७ युनिट लागले. दोन दिवसांनी त्याच रस्त्यानं, तेवढ्याच वेगानं परत आलो, वारा पाठीशी, तर १३. पेट्रोलच्या गाडीनं अकरा वर्षांत मला वाऱ्याची दिशा कधी विचारायला लावली नव्हती.

चढाचा हिशेब जास्त मजेशीर आहे. माणसांसकट पावणेदोन टनाची गाडी शंभर मीटर वर चढवायला जवळपास अर्धा युनिट जातो. तुळजापूरचा घाट चढताना आकडा भराभर उतरतो आणि जीव थोडा खालीवर होतो. पण देवीचं दर्शन घेऊन परत उतरताना पाय पेडलवरून काढला की मोटरचाच जनित्र होतो. चाकं मोटरला फिरवतात, मोटर वीज तयार करून बॅटरीत ढकलते, आणि त्या कामात गाडीचा वेग आवरला जातो. त्या दिवशी घाट संपेपर्यंत बॅटरी एका टक्क्यानं वाढलेली होती. मुलगी मागून ओरडली, “बाबा, देवी पावली!” पूर्वी हीच ऊर्जा ब्रेक तापवून संपवायचो आणि वर ब्रेक पॅडचे पैसे द्यायचो. एक खोच मात्र आहे. बॅटरी शंभर टक्के भरलेली असताना घाट उतरायला लागलात तर ही वीज ठेवायला जागाच नसते. गाडी मोकळी धावल्यासारखी वाटते आणि नेहमीचा ब्रेक वापरावा लागतो.

आता घरच्या चार्जिंगची गोष्ट. गाडी आली त्या रात्री घरादारानं ओवाळून चार्जर १५ अँपिअरच्या सॉकेटला लावला आणि लाल दिवा लागला. दुसऱ्या सॉकेटला लावला, तिथेही लालच. सकाळी आमचे नेहमीचे वायरमन अण्णा आले. होल्डरला दोन वायरी जोडलेला एक साधा बल्ब त्यांनी पिशवीतून काढला. फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला, लख्ख पेटला. फेज आणि अर्थिंगमध्ये धरला, तर आतली तार नुसती लालसर झाली.

“साहेब, अर्थिंग नुसतं नावाला हाय की ओ तुमच्या घराला.”

“अहो अण्णा, वीस वर्षं फ्रीज चालतोय, मिक्सर चालतोय.”

“फ्रीज बोलत न्हाई. ही गाडी बोलती.”

मला याहून नेमकं सांगता आलं नसतं. गाडी म्हणजे रबरी टायरवर उभा असलेला लोखंडाचा मोठा डबा. आत कुठे वीज अंगावर उतरली आणि अर्थिंग नसेल, तर ती वाट बघत राहते, ओल्या हातानं दार उघडणाऱ्याची. म्हणून चार्जर आधी अर्थिंग तपासतो आणि मगच प्रवाह सोडतो. आमच्या अर्थिंगचा पाइप काळ्या मातीत पुरलेला. काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात आणि ती पाइपला सोडून देते. मातीतून वीज वाहते ती ओलाव्यात विरघळलेल्या क्षारांमुळे, कोरडी माती तिला फारशी वाटच देत नाही. अण्णांनी परसात नवा खड्डा घेतला, पाइपभोवती लोणारी कोळसा आणि जाडं मीठ यांचे थर दिले, वरून दोन बादल्या पाणी ओतलं. कोळसा ओल धरून ठेवतो, मीठ वाट मोकळी करतं. बल्ब लख्ख पेटला, चार्जर हिरवा झाला. “उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी सोडा,” अण्णा म्हणाले. ज्या गावात नळाला पाणी येण्याचा दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवतात, तिथे जमिनीलाही पाणी पाजायचं म्हटल्यावर आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

जाता जाता त्यांनी सॉकेटपर्यंत ४ स्क्वेअर एमएमची वेगळी वायर आणि वेगळी एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, टाकून दिली. गिझर पंधरा मिनिटं चालतो, चार्जर रात्रभर सव्वातीन किलोवॅट ओढत राहतो. बारीक वायर त्यात तापते, आणि बातमी होते ती अशाच वायरींची.

पुण्याच्या वाटेवर टेंभुर्णीला फास्ट चार्जिंग केलं. २० टक्क्यांपासून ८० पर्यंत चाळीस मिनिटं, मिसळ आणि दोन चहा. मग मला वाटलं शंभर करूनच निघू, तर काटा जागचा हलेना. कारण एसटीत चढणाऱ्या कुणालाही समजेल. स्टँडवर रिकामी गाडी लागली की पहिले तीस जण धडाधड जागा पकडतात. शेवटच्या दहा जणांना “जरा सरका” म्हणत, कोपऱ्यातली सीट शोधत आत शिरावं लागतं. चार्जिंग होताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, बॅटरीतल्या ग्राफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. थर भरत आले असताना घाईनं ढकललं, तर आयन आत न शिरता पृष्ठभागावरच धातू होऊन साचतात, आणि त्यातले बरेच पुन्हा कामाला येत नाहीत. बॅटरीची ताकद तेवढी कायमची कमी. म्हणून ८० नंतर गाडी स्वतःच चार्जरला हळू घ्यायला सांगते. हायवेवर ८० ला उठावं आणि चालू लागावं.

बॅटरीचं आयुष्य हा मात्र सोलापूरकरानं गंभीरपणे घ्यावा असा विषय आहे. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली. ज्या तिघांना त्याबद्दल २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यातले जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. त्यांच्याच टेक्सासमधल्या प्रयोगशाळेतून १९९७ मध्ये लिथियम आयर्न फॉस्फेट या बॅटरीच्या पदार्थावरचा शोधनिबंध आला, ज्याचे पहिले लेखक ए. के. पाधी. माझ्या गाडीत याच प्रकारची बॅटरी आहे. निकेल-कोबाल्टवाल्या लिथियम बॅटरीपेक्षा हिच्यात किलोमागे ऊर्जा थोडी कमी मावते, पण फॉस्फेटमधला ऑक्सिजन पक्का बांधलेला असल्यामुळे तापल्यावर तो सहजी सुटत नाही, आणि आगीला ऑक्सिजन आतूनच मिळण्याचा धोका कमी होतो. त्यात निकेल-कोबाल्टही नाही. मात्र उन्हाळा कुठल्याच बॅटरीला मानवत नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतल्या नकोशा रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगानं होतात, असा रसायनशास्त्रातला ढोबळ नियम आहे. काठोकाठ भरलेली बॅटरी आणि मेचं ऊन, ही जोडी सगळ्यात वाईट. मी रोज ८० टक्क्यांवर थांबतो, आठवड्यातून एकदा शंभर करतो, कारण या रसायनाचा व्होल्टेज जवळजवळ सपाट असतो आणि अधूनमधून पूर्ण भरल्याशिवाय गाडीला स्वतःच्याच टक्क्यांचा नीट अंदाज येत नाही. गाडी उभी करतो ती ऑफिसमागच्या कडुलिंबाखाली. त्या सावलीसाठी आता सकाळी दहा मिनिटं लवकर निघावं लागतं, कारण ही अक्कल आणखी दोघांना आली आहे.

बाकी देखभाल थोडी. इंजिन ऑइल नाही, प्लग नाही, क्लच नाही. डावा पाय पहिले पंधरा दिवस उगाच काहीतरी शोधत होता. टायर मात्र लवकर झिजतात, गाडी जड आणि ओढ पहिल्या क्षणापासून पूर्ण.

राहिला धूर. लिटरभर पेट्रोल जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे जुन्या गाडीचा किलोमीटरला १६५ ग्रॅम. आपल्याकडे एका युनिट विजेमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास निघतो. चार्जिंगमधली गळती धरून नवी गाडी किलोमीटरला १२० ग्रॅमपर्यंत येते, आणि बॅटरी बनवतानाचा कार्बन वेगळा. फरक आहे, पण शोरूमच्या फलकावर हिरवी पानं काढली होती तेवढा नाही. इथून जवळच फताटेवाडीला १३२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे. कार्नोचा नियम कोळशाच्या केंद्रालाही चुकलेला नाही, तिथेही निम्म्याहून जास्त उष्णता वाया जाते. बोक्याची ऊब संपलेली नाही, त्यातली बरीचशी गावाबाहेर राहायला गेली आहे.

याला उपाय आमच्याच डोक्यावर आहे. एक किलोवॅटचं सोलर पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देतं, आणि माझं रोजचं जाणं-येणं पाच युनिटमध्ये भागतं. दीड किलोवॅट पुरे. मागच्या रविवारी टेप घेऊन गच्चीवर गेलो. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, सावली पडणार नाही अशा जागी लागतात. तशी जागा गच्चीवर एकच निघाली, आणि तिथे आईच्या कुरडया वाळत होत्या.