पाणचक्की : चाकाची आखणी आणि बांधणी

वाहत्या पाण्याच्या जोरावर चाक फिरवून त्या चाकाच्या शक्तीने जाते चालवणारी गिरणी म्हणजे पाणचक्की. रहाटाशी तिची गल्लत करू नये. रहाटाला बैल जुंपतात आणि रहाट विहिरीतले पाणी वर आणतो. पाणचक्कीत पाण्यालाच जुंपलेले असते आणि त्यातून दळण निघते. दोन्हींच्या मधली एक जात सीरियातल्या हमा शहरात ओराँटीस नदीवर आहे. तिथली जुनी लाकडी चाके नदीच्या प्रवाहाने फिरतात आणि आपल्या कडेवरच्या पेट्यांतून त्याच नदीचे पाणी उंच पाटात ओततात. त्यांतल्या सर्वांत मोठ्या चाकाचा व्यास सुमारे २० मीटर आहे. ही नोंद मात्र दळणाच्या चाकापुरती आहे.

पाणचाक तयार आणून ओढ्यावर ठेवता येत नाही. अंगाचे माप घेऊन कपडा शिवावा तसे ते त्या ओढ्याच्या मापानेच घडवावे लागते. मापे दोनच : दर सेकंदाला किती पाणी येते आणि ते किती उंचीवरून खाली उतरते. १०० लिटर पाणी ३ मीटर उतरत असेल, तर त्यात जेमतेम ३ किलोवॅट शक्ती असते. चाकाने त्यातली दोन तृतीयांश पकडली, तरी हाती २ किलोवॅट येतात. म्हणजे एक अश्वशक्तीच्या दोन घरघंट्या चालतील एवढे बळ. उंची दुप्पट केली की शक्ती दुप्पट होते, पाणी दुप्पट केले तरी तेच. पण उन्हाळ्यात पाणी वाढवता येत नाही. म्हणून जाणता कारागीर चाकाला हात घालण्याआधी उंचीच्या मागे लागतो. ओढ्याला वरच्या अंगाला बंधारा घालायचा, डोंगराच्या कडेने अगदी कमी उताराचा पाट काढायचा आणि ओढा आपल्या वाटेने खाली उतरत असताना पाटातले पाणी वरच्या वर गिरणीपर्यंत आणायचे. पाटाच्या तोंडाशी दार असते. दार वरखाली करून चाकाचा वेग सांभाळतात, आणि जादा पाणी बाजूच्या सांडव्याने ओढ्यात परत जाते. पाणचक्कीची निम्मी अक्कल चाकाच्या अलीकडे, या पाटात असते असे म्हटले तरी चालेल.

आडवे चाक

सर्वांत साधी रचना आडव्या चाकाची. उभ्या दांड्याच्या खालच्या टोकाला पाती बसवलेली असतात, वरच्या टोकावर जात्याची वरची तळी, म्हणजे वरचा दगड, असते आणि मध्ये एकही दाता नाही. उतरत्या लाकडी पन्हळीतून पाण्याची धार पात्यांवर आदळते. चाक फिरते तितकेच फेरे तळी घेते. उत्तराखंड-हिमाचलातले घराट याच जातीचे. त्यात एक छोटी करामत असते. दाण्यांच्या टोपलीला बांधलेली काडी फिरत्या तळीवर टेकलेली असते. तळी फिरली की काडी थरथरते, टोपली हलते आणि दाणे जात्याच्या तोंडात पडतात. पाणी वाढून तळी जोरात फिरू लागली की थरथर वाढते आणि दाणेही जास्त पडतात; पाणी ओसरले की दाणे आपोआप कमी पडतात. घरच्या जात्यावर बसलेली बाई एका हाताने खुंटा ओढत दुसऱ्या हाताने अंदाजाने मूठ सोडते. तो अंदाज इथे एका काडीला सोपवलेला आहे. पीठ जाड-बारीक करायचे तर दांड्याखालचे आडे एका उभ्या लाकडाने किंचित उचलतात, तळी वर जाते आणि भरड निघते.

घराटाची उणीव अशी, की सपाट लाकडी पाती धारेचा मोठा भाग इकडेतिकडे उडवून टाकतात. हल्ली वाटीसारखी धातूची पाती आणि घर्षण कमी करणारी बेअरिंग बसवून तेवढ्याच पाण्यात जास्त दळण काढतात, आणि रात्री त्याच दांड्यावर दिवे पेटवण्यापुरती वीजही करतात.

उभे चाक : धक्का की वजन?

चाक गाडीच्या चाकासारखे उभे केले, की त्यावर पाणी कुठे सोडायचे हा प्रश्न येतो. खालून वाहणाऱ्या प्रवाहात पाती बुडवली तर ते अंडरशॉट चाक. माथ्यावरून पाणी सोडून कडेच्या खणांत भरले तर ओव्हरशॉट. आसाच्या आसपासच्या उंचीला पाणी दिले तर ब्रेस्टशॉट. पहिल्यात पाणी चाकाला ढकलते. दुसऱ्यात ते चाकावर बसते आणि आपल्या वजनाने त्याला खाली नेते.

यातले सरस कोणते, यावर युरोपात बरेच दिवस गोंधळ होता. १७०४ मध्ये आंत्वान पारां या फ्रेंच गणितज्ञाने मांडलेल्या हिशेबाप्रमाणे अंडरशॉट चाक पाण्याच्या शक्तीचा फार तर ४/२७ भाग, म्हणजे १५ टक्क्यांच्या आतबाहेर पकडू शकते. ओव्हरशॉट चाकाबद्दल तर जाणकारांचीच मते परस्परविरुद्ध होती. तो वाद हिशेबाने सुटला नाही, प्रयोगाने सुटला. यॉर्कशरमध्ये जन्मलेला आणि मूळचा उपकरणे बनवणारा जॉन स्मिटन याने १७५०च्या दशकाच्या सुरुवातीस एका टाकीत छोटे चाक बसवले. पंपाने पाणी एकाच पातळीला राखायचे, चाकाच्या आसाला दोरी गुंडाळून वजन उचलायचे आणि किती पाणी खर्चून किती वजन किती उंच गेले ते मोजायचे, अशी त्याची पद्धत होती. टाकी तीच, चाक तेवढ्याच मापाचे. फक्त फळ्यांच्या जागी खणांचे चाक बसवून पाणी वरून सोडायचे. १७५९ मध्ये त्याने हे निष्कर्ष लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे मांडले आणि त्याबद्दल त्याला तिचे मानाचे कॉप्ली पदक मिळाले. उत्तर स्वच्छ होते : तेवढ्याच पाण्यात आणि तेवढ्याच उंचीत ओव्हरशॉट चाक अंडरशॉटच्या सुमारे दुप्पट काम करते.

कारण ओढ्याकाठी उभे राहिले तर डोळ्यांना दिसते. धार सपाट फळीवर आदळली की फेस होतो, शिंतोडे उडतात, भोवरे उठतात. त्या फेसात गेलेली शक्ती चाकाला मिळालेली नसते. शिवाय फळीवरून पुढे निघालेले पाणी अजून धावत असते, म्हणजे उरलेली शक्तीही ते घेऊन जाते. खणात अलगद भरलेले पाणी मात्र आवाज न करता उतरते आणि तळाशी जवळजवळ थांबलेल्या अवस्थेत बाहेर पडते. चाक जितके शांत तितके चांगले, ही कारागिरांची खूण म्हणून खरी ठरते.

स्मिटननंतर इंग्लंडमध्ये जिथे उंची मिळेल तिथे ओव्हरशॉट आणि ब्रेस्टशॉट चाके बसू लागली. उंचीच नसलेल्या सपाट मुलखाचा प्रश्न फ्रेंच अभियंता पोंसले याने १८२०च्या दशकात सोडवला. त्याने अंडरशॉट चाकाची पाती वाकवली. पाणी पात्यावर आदळण्याऐवजी त्याच्या बाकावरून वर चढते, थांबते आणि मागे उतरून चाकाखाली पडते. धक्क्याची जागा घसरण्याने घेतली आणि कार्यक्षमता ६० टक्क्यांच्या घरात गेली. आजच्या नीट आखलेल्या पोलादी ओव्हरशॉट चाकाची कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या वर जाते.

बांधणी

ओव्हरशॉट चाकाचा व्यास उपलब्ध उंचीवरून ठरतो. वर पन्हळीला थोडी जागा आणि खाली चाक पाण्यात बुडू नये म्हणून थोडी मोकळीक सोडली, की उरते ते चाक. खालची मोकळीक सोडताना पुराचा विचार करावा लागतो. चाकाचा तळ साचलेल्या पाण्यात बुडाला की तेच पाणी त्याला मागे खेचते. म्हणून काही ठिकाणी पाणी माथ्याच्या अलीकडेच सोडून चाक उलट दिशेने फिरवतात. तसे केले की तळाचे पाणी ज्या दिशेने वाहते त्याच दिशेने चाकाची खालची कडा जाते. चाकाची रुंदी पाण्याच्या मापावरून ठरते. खण काठोकाठ भरायचे नसतात. तिसरा हिस्सा किंवा फार तर निम्मे भरले, तर पाणी लवकर सांडत नाही. खणाच्या फळीचा कल असा हवा, की वर पाणी सहज आत यावे आणि चाकाबरोबर खाली येताना ते शक्य तितक्या उशिरा बाहेर पडावे. खणात अडकलेली हवा पाण्याला आत येऊ देत नाही. त्यासाठी विल्यम फेअरबेर्न या स्कॉटिश अभियंत्याने १९व्या शतकात खणाच्या आतल्या बाजूला हवा निघायला फट ठेवली.

आरे आसाला कसे जोडायचे, हा बांधणीतला खरा कळीचा मुद्दा. जुनी पद्धत म्हणजे लाकडी आसाला आरपार भोके पाडून आरे त्यांतून घालायचे. दिसायला भक्कम, पण जिथे सगळा पीळ येतो नेमकी तिथेच आसाची छाती पोखरली जाते, भोकांत पाणी मुरते आणि आस आतून कुजतो. नंतरच्या सुतारांनी आऱ्यांच्या दोन-दोन जोड्यांनी आसाभोवती चौकट केली आणि पाचरी ठोकून ती आसावर आवळली. आसाला एकही भोक पडत नाही, आणि चाक तिरके झाले तर पाचरी सैल-घट्ट करून ते पुन्हा ओळंब्यात आणता येते. आसाच्या टोकांना लोखंडी खुंट्या ठोकून त्या दगडी किंवा लाकडी उखळीत चरबी लावून फिरवत. स्मिटनने पुढे ओतीव लोखंडाचे आस वापरायला सुरुवात केली.

युरोपात या कामाला ओक आणि पाण्यात टिकणारे एल्म वापरत. लाकडी चाकाचा एक स्वभाव बांधणाऱ्याला ओळखून राहावे लागतो. चाक बरेच दिवस एकाच जागी थांबले, की खालचा भाग पाणी पिऊन जड होतो आणि वरचा उन्हात वाळून हलका. मग ते फिरताना एका बाजूला धावते, दुसऱ्या बाजूला रेंगाळते आणि त्याचे हिसके थेट जात्यापर्यंत पोहोचतात. त्यामुळे दळण नसतानाही चाक अधूनमधून फिरवत ठेवावे लागते.

३ मीटर व्यासाच्या चाकाची कडा सेकंदाला दीड मीटर गेली, तर मिनिटाला साडेनऊ फेरे होतात. सव्वा मीटरच्या तळीला मात्र मिनिटाला १२० च्या आसपास फेरे लागतात. ही बारापट वाढ दातेरी चाकांच्या दोन जोड्यांनी साधतात : पहिली जोडी तिप्पट करते आणि आडवी गती उभ्या दांड्याला देते, दुसरी चौपट करून ती तळीला देते. दात्यांची संख्या ठरवताना जुने कारागीर मोठ्या चाकाला मुद्दाम एक दाता जास्त ठेवत. त्यामुळे तोच दाता दर फेऱ्याला त्याच दात्याला भेटत नाही आणि झीज सगळ्यांत सारखी वाटली जाते. लोखंडी दात्यांसमोर लाकडी दाते बसवण्याची रीतही शहाणपणाची होती. आवाज कमी, आणि काही अडकले तर मोडतो तो स्वस्त लाकडी दाता.

तळ्यांवर खाचा असतात. त्या दाणे कापतात, पीठ कडेला नेतात आणि मध्ये हवा खेळवून ते थंड ठेवतात. खाचा बोथट झाल्या की घरच्या जात्याप्रमाणेच टाकी लावावी लागते. दाणे संपून दोन तळ्या एकमेकींवर घासल्या तर ठिणग्या उडतात, आणि पिठाची धूळ पेट घेऊ शकते. म्हणून युरोपातल्या गिरण्यांत दाण्यांच्या वजनाखाली दाबलेला एक पट्टा असे. दाणे उतरले की पट्टा सुटे आणि घंटा वाजे.

कुठे, केव्हा

रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसने इ. स. पूर्व पहिल्या शतकात उभे चाक आणि दातेरी जोडीचे वर्णन केले आहे. त्याच सुमाराची एक ग्रीक कविता दळणाऱ्या बायकांना सांगते की कोंबडा आरवला तरी झोपून राहा, आता तुमचे काम पाणी करते. तिच्यातले पाणी चाकाच्या माथ्यावर उडी घेते. दक्षिण फ्रान्समध्ये आर्ल शहराजवळ बार्बेगाल येथे दुसऱ्या शतकात एका उतारावर दोन रांगांत १६ चाके होती. वरच्या चाकाचे पाणी खालच्याला मिळे. १०८६ च्या इंग्लंडमधील सरकारी मोजणीत सुमारे ६,००० गिरण्यांची नोंद आहे.

महाराष्ट्रातली सर्वांना ठाऊक असलेली पाणचक्की छत्रपती संभाजीनगरात, खाम नदीच्या काठी, बाबा शाह मुसाफिर या सूफी संतांच्या दर्ग्यात आहे. ते बुखाऱ्याकडून आलेले. चक्कीसाठीचे पाणी १८व्या शतकात शहराच्या उत्तरेकडून, हर्सूलच्या बाजूने, जमिनीखालच्या खापरी नळांतून आणले. बंद नळातले पाणी सखल भागातून गेले तरी जिथून निघाले त्या पातळीच्या जवळपास पुन्हा चढते. त्याच नियमावर ते इथे उंच भिंतीच्या माथ्यापर्यंत येते आणि खालच्या हौदात पडद्यासारखे कोसळते. बघणारे त्या पडद्यापाशी थांबतात. पण चक्कीला लागणारी उंची कित्येक किलोमीटर नळांतून जपून आणली आहे, आणि माझ्या मते या जागेची थोरवी त्यातच आहे. चाक आडवे आहे, घराटाच्या कुळातले. वरची तळी त्याच्या दांड्यावर फिरते. दर्ग्यात उतरणारे फकीर, यात्रेकरू आणि सैनिक यांच्यासाठी इथे दळण होई. लांबट हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छप्पर आहे, त्यामुळे ते दालन उन्हाळ्यातही गार राहते.

दख्खनच्या पठारावर अशा चक्क्या गावोगाव झाल्या नाहीत. इथल्या ओढ्यांना पावसाळ्यात चाक वाहून नेईल इतके पाणी, आणि उन्हाळ्यात पाती भिजवायलाही नाही. घरोघर जाते होते आणि पहाटेच्या ओव्यांबरोबर दळण बायकांच्याच हातांवर राहिले.

पाण्याच्या उंचीचा खरा उपयोग सह्याद्रीत झाला तो विजेसाठी. १९१५ मध्ये खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. लोणावळ्याच्या तळ्यांतले पाणी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली उतरते आणि पेल्टन चाकांवर सोडले जाते. कॅलिफोर्नियाच्या खाणींत काम केलेल्या लेस्टर पेल्टनने १८८० मध्ये पेटंट घेतलेल्या या चाकाच्या कडेला जोडवाट्या असतात. धार मधल्या धारदार कण्यावर पडून दोन्ही वाट्यांत विभागते, जवळजवळ उलट वळते आणि आपला वेग चाकाला देऊन खाली पडते.