कृष्णाकाठच्या कच्च्या वाटा: सायकल नेण्याआधी एवढं वाचा

(सांगलीतून ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या वाटेवर चालणारी जाड टायरची सायकल, भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

इथे चढ नाही. घाटात सायकल चालवणारे पाहुणे नकाशावरची उंचीची रेघ बघतात, ती सरळ दिसते आणि शंभर किलोमीटर सहज होतील असं धरून चालतात. सांगली-मिरजेपासून शिरोळ तालुक्याच्या टोकापर्यंतचा हा मुलूख खरोखरच सपाट आहे, पण इथे दमवतं ते वेगळंच: काळी माती, पश्चिमेचं वारं आणि उसातून न सांगता समोर येणारा ट्रॅक्टर. त्यामुळे तुम्हाला किती किलोमीटर करायचेत हे आम्ही मागाहून विचारतो. आधी विचारतो, कोणत्या महिन्यात येताय?

महिना बघून या

सगळ्यात चांगले दिवस दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर. पाणंदी (शेतांमधल्या कच्च्या वाटा) वाळलेल्या असतात, सकाळी नदीवर धुकं असतं आणि दुपारीसुद्धा ऊन सोसवतं. मार्च-एप्रिलमध्ये यायचं असेल तर पहाटे निघून दहाच्या आत सावलीला या. उसाच्या दोन फडांमधल्या वाटेवर वारा शिरत नाही, तिथला उकाडा डांबरी रस्त्यावरच्या उन्हापेक्षा वाईट.

जून ते सप्टेंबर आम्ही कच्च्या वाटांसाठी सायकल देत नाही. यावर दर वर्षी वाद होतो, तरी देत नाही. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि चिकटते. पहिल्या दहा-वीस फुटांत टायर दुप्पट जाड होतो, मग चिखल फोर्कमध्ये (चाक धरणाऱ्या दुहेरी दांडीत) अडकून चाक फिरायचंच थांबतं. अशा वेळी पायडल जोरात मारलं की मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) ओढला जातो आणि त्याला धरणारा हँगर तुटतो. दुरुस्तीचा खर्च तुमचा, हेही इथेच सांगून ठेवतो.

वळवाचा पाऊस मात्र महिना बघून येत नाही. त्यासाठी एक साधी परीक्षा आहे. पाणंदीच्या तोंडाशी उतरा, वाटेवरचं एक ढेकूळ उचला आणि बोटांत दाबा. भुगा झाला तर पुढे जा. गोळी वळली तर डांबरी रस्त्याने जा. मुरूम टाकून दाबलेल्या पाणंदीवर पाणी लवकर निचरतं, तिथे एक दिवस पुरतो. निव्वळ मातीच्या गाडीवाटेला दोन-तीन दिवस लागतात.

नदीची पातळी हा वेगळा विषय आहे. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोक्याची. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आपल्याला एवढं थांबायचं कारण नाही, कारण बंधारे आणि मळीच्या (नदीकाठच्या रानाच्या) वाटा इशारा पातळीच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातात. काठावरच्या गावात कुणी ‘पाणी चढतंय’ म्हणालं की नकाशा खिशात ठेवायचा आणि त्या माणसाचं ऐकायचं.

तीन फेऱ्या

*हरिपूर फेरी, वीस-पंचवीस किलोमीटर.* पहिल्यांदा येणाऱ्यांना आम्ही हीच देतो. सांगलीतून हरिपूर, तिथे संगमेश्वराच्या देवळामागे कृष्णा आणि वारणा एक होतात. हरिपूर म्हटलं की हळदीची पेवं. जमिनीत खोल खड्डे खणून त्यात हळद साठवायची आणि तोंड बंद करायचं. वर्षानुवर्षं हळद टिकायची, कीड लागायची नाही, कारण इथल्या मातीत ओल झिरपत नसे. २००५ च्या पुरात त्यातली बरीच पेवं गेली आणि साठवण आता गोदामांकडे वळली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पूल ओलांडून कोथळी, मग उमळवाड, उदगाव आणि अंकलीच्या पुलावरून परत. कोथळी-उमळवाडच्या मधल्या शिवारात पाणंदींचं जाळं आहे. चुकलात तरी नदी किंवा डांबरी रस्ता यांपैकी एक लवकरच लागतो. जानेवारी ते मार्च हळदीची काढणी असते. शिजवलेली हळद खळ्यावर वाळत घातलेली दिसेल, वास तर त्याआधीच येईल. वाळवणाच्या कडेने सायकल हातात धरून जा. त्यावरून चाक घालणाऱ्याला कुणीही पाणी विचारणार नाही.

*नृसिंहवाडी फेरी, साधारण पन्नास किलोमीटर.* अंकली, उदगाव, चिंचवाड, अर्जुनवाड, शिरोळ आणि वाडी. येताना अर्जुनवाडच्या पुलावरून मिरजेच्या कृष्णाघाटाला निघायचं. वाटेत क्षारपड जमिनी दिसतील: ऐन हिरव्या शिवारात मधेच पांढरट, उघडी पडलेली रानं. पाणी वारेमाप दिल्यामुळे आणि निचरा न झाल्यामुळे खालचे क्षार वर आले आणि पीक येईनासं झालं. आता काही ठिकाणी जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून अशी रानं पुन्हा लागवडीखाली आणली जातायत. सायकलवाल्याच्या कामाची गोष्ट एवढीच की त्या पांढऱ्या थराखाली ओल असते. वरून कोरडं दिसतं म्हणून वाट सोडून आत शिरू नका.

वाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम आणि दत्ताचं देऊळ. पौर्णिमा आणि शनिवार टाळा, गर्दीत सायकल लावायला जागा मिळत नाही. बासुंदीचं एकच सांगतो: ती पार्सल घ्या. वाटीभर बासुंदी पोटात आणि दुपारी एकचं ऊन डोक्यावर घेऊन मिरजेपर्यंत यायचं म्हणजे शिक्षा आहे. त्यापेक्षा जयसिंगपूरचं भडंग सोबत ठेवा. मीठ असतं, तेल असतं, खिशात वितळत नाही.

*खिद्रापूर, जाऊन-येऊन ऐंशी ते नव्वद.* वाडीहून पंचगंगेचा पूल ओलांडून कुरुंदवाड, पुढे मजरेवाडी, अकिवाट, सैनिक टाकळी आणि खिद्रापूर. तीन बाजूंनी कृष्णेने वेढलेलं हे टोक, पलीकडे कर्नाटक. आमच्या मते सगळ्या भागातली सगळ्यात सुंदर वाट हीच, आणि सगळ्यात जास्त लोक अर्ध्यातून परत फिरतात तीही हीच, कारण उशिरा निघतात. कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं आहे. स्वर्गमंडपात ४८ खांब आहेत आणि वर छताच्या मध्यभागी गोल आकाश उघडं सोडलंय. त्याच्या बरोबर खाली तेवढीच गोल शिळा. सकाळी दहाच्या सुमाराला खांबांवर तिरपं ऊन पडतं तेव्हा नक्षी नीट दिसते. शिवाचं देऊळ असूनही समोर नंदी नाही. का, ते तिथल्या पुजाऱ्यांकडून ऐका, ते आमच्यापेक्षा रंगवून सांगतात. सायकलचे बूट काढून ठेवायचेत, तेव्हा मोजे बरे घाला.

परतताना राजापूरच्या बंधाऱ्याकडे वळता येतं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा सरला की बरगे (आडव्या फळ्या) घालून पाणी अडवतात, त्यामुळे हिवाळ्यात वरच्या अंगाला नदी तुडुंब आणि खालच्या अंगाला खडक उघडे असं चित्र असतं. बंधाऱ्यावर सायकल चालवू नका, ढकलत न्या.

ऊस

या वाटांवर ऊस बारा-बारा फूट उंच असतो आणि वळणावर पलीकडचं काहीही दिसत नाही. घंटी वाजवत जा, लाज बाळगू नका. दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम सुरू झाला की दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि टायरच्या बैलगाड्या याच पाणंदींतून निघतात. ट्रॅक्टरवाल्याला मागचं दिसत नाही आणि गाण्याच्या आवाजात ऐकूही येत नाही. त्याला ओलांडायला जाऊ नका. समोरून आला तर खाली उतरून बांधाला लागा. पहिल्या ट्रॉलीनंतर दुसरी असते, हे विसरून लोक मधेच सायकल रस्त्यावर घेतात.

गाड्या भरून गेल्या की चाकोऱ्या खोल होतात आणि मधे फुफाटा साचतो. फुफाट्यात पुढचं चाक रुततं. हँडल सैल धरा, वजन मागे घ्या, ब्रेक दाबू नका. उपसा सिंचनाच्या पाइपलाइनसाठी वाटेवर आडव्या चरी खणतात आणि वरवर माती लोटून बुजवतात, त्या लांबून कळत नाहीत. रंगात थोडा फरक दिसला की वेग कमी करा. फडाजवळ तोडणी मजुरांच्या खोपी असतील तिथेही, कारण पोरं वाटेवरच खेळत असतात.

ऊस मोडून घेऊ नका. मागितलात तर दोन कांडी जास्तच मिळतील.

सायकल आणि हवा

आमच्या सायकलींना ४० मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर आहेत, आत सीलंट आहे. बाभळीचा काटा आणि सराटे हे इथले खरे शत्रू, पण बारीक भोकं सीलंट आपोआप बुजवतं. काटा दिसला म्हणून लगेच उपटू नका, चाक फिरवून भोक खाली आणा आणि मग काढा. सत्तर किलोच्या माणसाला पुढे ३२ ते ३५ आणि मागे ३५ ते ३८ पीएसआय हवा पुरे. पेट्रोल पंपावर ‘टाइट’ करून घेऊ नका, कच्च्या वाटेवर दगडागणिक हात झिणझिणतील. स्वतःची सायकल आणत असाल तर ३५ मिलिमीटरपेक्षा बारीक टायर नको. हायब्रिड किंवा एमटीबी (डोंगरी सायकल) चालते, वेग थोडा कमी पडेल एवढंच.

दोन लिटर पाणी जवळ ठेवा. गावं जवळजवळ आहेत, पण दुपारी दुकानं बंद असतात.

नदीत उतरू नका. कृष्णेत आणि वारणेत मगरी आहेत, ही काही पोरांना भिववायची गोष्ट नव्हे. हातपाय धुवायचे तर गावच्या घाटावर, जिथे लोक असतात तिथेच.

अडलात तर

आम्हाला फोन करा आणि जवळच्या डांबरी रस्त्यावर येऊन थांबा. टेम्पो पाणंदीत शिरत नाही. अंधार पडण्याआधी एक तास सायकल डांबरीवर आलेली असावी, कारण रात्री उसाच्या गाड्यांना मागे दिवा असतोच असं नाही. प्रत्येक सायकलला मागचा लाल दिवा लावलेला आहे. निघतानाच तो लागतो का बघा.

सायकल परत करताना चिखल असेल तर असू द्या. वॉशिंग सेंटरला प्रेशरने धुवून आणू नका, पाणी हबच्या बेअरिंगमध्ये जातं. दुकानामागे नळ आणि ब्रश आहे, ते काम आमच्याकडे.